डॉक्टर म्हणाले 'ॲलर्जी आहे', पण खाजेचे फोड जाईनात, मग काय विचारायचं

माझ्या दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि बसायच्या जागेवर खाजेचे बारीक फोड चौदा महिने येत होते. तेवढ्यात मला तीन नावं मिळाली, आधी ॲलर्जी मग खरूज मग इसब, आणि प्रत्येक नावाबरोबर एक नवीन मलम. तिघंही डॉक्टर काही बिनडोक नव्हते हे आधीच सांगते. झालं असं की मी त्यांच्यासमोर जाऊन बसायचे तेव्हा दाखवायला फोडच शिल्लक नसायचा, रात्रभर खाजवून नुसते ओरखडे आणि खपल्या, आणि ओरखडे बघून कुणी काय सांगणार. शेवटी जे निघालं त्याचं नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नावात हर्पिस आहे पण त्या व्हायरसशी काडीचा संबंध नाही, फोड फक्त तसे पुंजक्यात येतात म्हणून हे नाव. लुई ड्युरिंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८८४ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय, आणि मूळ सापडतं ते आतड्यात, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होणारा जो सिलिॲक नावाचा आतड्याचा आजार त्याचंच हे कातडीवरचं रूप.

आता तुम्हालाही हेच असेल असं अजिबात नाही, उलट हा आजार तसा कमीच दिसतो. मी लिहितेय ते निदानावर प्रश्न कसा विचारायचा याबद्दल, कारण मी चौदापैकी बारा महिने एकतर गप्प बसले किंवा मनातल्या मनात चिडले, आणि दोन्हीचा उपयोग शून्य झाला.

आधी एक गोष्ट, काही वेळा प्रश्नबिश्न विचारत बसायचं नसतं, सरळ इमर्जन्सीत जायचं. फोडांबरोबर ताप आहे, तोंडात किंवा डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी जखमा झाल्यात, कातडी खाजण्यापेक्षा दुखतेय, हात लावला की साल निघतेय, आणि त्यातून गेल्या महिना दोन महिन्यांत एखादं नवीन औषध सुरू झालंय (फिट्सच्या गोळ्या, सल्फाच्या गोळ्या, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल ही नेहमीची नावं) तर ते स्टीव्हन्स जॉन्सन, म्हणजे औषधाने कातडीला होणारी जिवावरची रिॲक्शन, असू शकतं आणि त्यात तासांचा हिशोब असतो. चेहरा किंवा ओठ सुजून श्वास लागत असेल तरी तेच. ज्याला आधीपासून एक्झिमा (म्हणजे इसब) आहे त्याच्या अंगावर अचानक एकसारखे, मधे खळगा पडलेले दुखरे फोड आणि ताप आला तरी थांबू नका. आणि अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड, आधी दोन दिवस तिथे आग किंवा ठणका, हे नागिणीचं लक्षण, त्यात व्हायरसची गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर जास्त फायदा होतो, म्हणून 'सोमवारी बघू' म्हणायचं नाही. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पण त्याच दिवशी.

बाकी सगळ्यांसाठी पुढचं.

पहिलं म्हणजे हे डोक्यात घ्या की स्किनचं निदान बरंचसं नजरेने होतं, आणि पहिल्या भेटीतलं नाव हा बहुतेक वेळा चांगला अंदाज असतो. खाज अधिक फोड म्हटलं की यादी लांब आहे. खरूज: रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, जांघा, आणि घरात अजून कुणीतरी खाजवत असतं. हातापायाच्या तळव्यांवर आणि बोटांच्या कडेला खोल रुतलेले बारीक पाणीदार दाणे असतील तर पॉम्फोलिक्स, म्हणजे इसबाचाच एक प्रकार. घड्याळाचा पट्टा, हेअर डाय, रबरचे ग्लोव्हज, जिथे वस्तू लागली बरोबर तिथेच पुरळ असेल तर कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. नायटा सुद्धा, विशेषतः पायावर, फोड आणू शकतो. साठी सत्तरीच्या पुढच्या माणसाला टणक, ताणलेले मोठे फोड येत असतील तर बुलस पेम्फिगॉइड, आणि यातली गंमत (गंमत कसली) अशी की फोड येण्याच्या कित्येक आठवडे, कधी महिने आधी नुसती खाजच असते, त्यामुळे 'म्हातारपणाची कोरडी त्वचा' म्हणून बरेच दिवस निघून जातात. डायबेटिसच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी, जसं व्हिल्डाग्लिप्टिन, याचा संबंध सापडलाय, तेव्हा घरातल्या मोठ्यांना असं काही झालं तर शुगरची गोळी कोणती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, स्वतः बंद मात्र करू नका. आणि माझं ते डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस: दोन्ही बाजूंना सारखं, कोपर, गुडघे, ढुंगण, कधी डोक्यात केसांखाली, आणि खाज अशी की चटका बसल्यासारखी आग.

ही यादी पाठ करून डॉक्टरांना ऐकवायला नाही दिली. यादी कळली की एवढंच लक्षात येतं की 'ॲलर्जी' हा शब्द यातल्या निम्म्यांवर तात्पुरता चिकटू शकतो.

जायच्या आधीची तयारी हा खरा मुद्दा आहे आणि लोक तीच करत नाहीत, मी पण केली नव्हती. फोटो काढा, पण नीट. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश बंद, एक लांबून म्हणजे अंगाचा कुठला भाग आहे ते कळेल असा आणि एक जवळून, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून म्हणजे साईज कळते. सावळ्या कातडीवर लालसरपणा फोटोत दिसतच नाही, तिथे पुरळ तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतं, त्यामुळे 'लाल नाहीये म्हणजे सूज नाही' असं कुणी म्हटलं तर तेवढं एक लक्षात ठेवा, आणि कुठे गरम लागतं, कुठे फुगलंय ते बोट लावून दाखवा. नवीन फोड आला की त्याच्याभोवती पेनाने गोल करायचा आणि तारीख वेळ लिहायची, आणि तो एक फोड काहीही करून खाजवायचा नाही, वाटल्यास त्यावर सैल पट्टी बांधा. तो तुमचा साक्षीदार आहे. एकच फोड २४ तासांत गायब होऊन दुसरीकडे उठतोय का तिथेच आठवडाभर राहतोय हे सुद्धा डॉक्टरांसाठी सोन्यासारखं असतं, कारण अंगावर पित्त उठतं तेव्हा एकेक गांधी साधारण एका दिवसात विरते, फोडाचे आजार तसे विरत नाहीत.

मग औषधांची यादी. फक्त गोळ्या नाही, डोळ्यात घालायचे थेंब, व्हिटॅमिन, जिमची पावडर, काढे, कुणी प्रेमाने दिलेली पुडी, सगळं, आणि कधी सुरू केलं त्या तारखेसकट, निदान मागच्या तीन महिन्यांचं. मलमांची नावं तर हवीतच, ट्यूब पिशवीत घालून घेऊन जा, कारण 'ते पांढरं, निळ्या झाकणाचं' यावरून कुणालाच काही कळत नाही. स्टिरॉइड असलेलं मलम नायट्यावर लावलं की नायटा आठवडाभर शांत होतो आणि मग आपला चेहराच बदलून पसरतो, नेहमीची गोल कड दिसत नाही, आणि भलताच आजार वाटतो. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, फंगसचं आणि अँटिबायोटिक असं तिन्ही कोंबलेलं असेल तर अजून गोंधळ. तेव्हा काय लावलं ते लपवू नका, डॉक्टर ओरडले तर ओरडू देत. तपासणीच्या दिवशी सकाळी मलम आणि पावडर लावू नका, म्हणजे त्यांना कातडी दिसेल.

आता प्रश्न. सुरुवात 'मी नेटवर वाचलं' ने करू नका, ते वाक्य ऐकलं की समोरच्याचे कान बंद होतात, वाचलेलं खरं असलं तरी. मी शेवटी जे बोलले ते साधारण असं होतं: 'डॉक्टर, तुम्ही इसब म्हणालात, दोन महिने मलम लावलं, लावते तेव्हा थोडं कमी होतं पण नवीन फोड थांबलेले नाहीत, हे बघा तारखांसकट फोटो. यात असं काही आहे का जे इसबात बसत नाही?' बस एवढंच. त्यांनी फोन हातात घेतला, पाच सहा फोटो पुढे मागे केले, मग म्हणाले दोन्ही कोपर दाखवा. मग गुडघे. मग म्हणाले डोक्यात खाजतं का. मी तोपर्यंत डोक्यातली खाज कोंड्याच्या खात्यात टाकून ठेवली होती, कुणाला सांगितलीच नव्हती.

'काय बसत नाही' हा प्रश्न का चालतो, तर त्यात तुम्ही चुकलात असा सूर नाही. तुम्ही आणि डॉक्टर एका बाजूला, आजार दुसऱ्या बाजूला. दुसरा तसाच प्रश्न म्हणजे 'हे नसेल तर दुसरं काय असू शकतं, आणि ते वेगळं कसं ओळखायचं'. आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यात कामाचा: 'हेच असेल तर किती दिवसांत किती फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढची पायरी काय'. याचं उत्तर तारखेसकट लिहून घ्या. निदानाला मुदत लावली की ते आपोआप तपासलं जातं, तुम्हाला भांडायला लागत नाही, त्या तारखेला तुम्ही परत जाता आणि म्हणता की डॉक्टर तुम्ही तीन आठवडे म्हणाला होतात, झाले, हे असं आहे. मुदत न लावता गेलं की प्रत्येक भेट पहिल्यापासून सुरू होते आणि नवीन मलम मिळतं, मला विचारा.

मुदत लावायची तर ती बरोबर माहीत पण हवी, नाहीतर उलटं होतं. माझ्या मावसभावाच्या घरी सगळ्यांना खरूज झाली, पर्मेथ्रिन क्रीम दिलं, लावलं, आणि दहा दिवसांनी खाज तशीच म्हणून मीच शहाणपणा करून सांगितलं की निदान चुकलंय, दुसऱ्याकडे जा. निदान बरोबर होतं! किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण कातडीत त्यांचं मेलेलं अंग आणि घाण राहते आणि शरीर त्याला प्रतिक्रिया देत बसतं. शिवाय त्यांनी क्रीम फक्त खाजतं तिथे लावलं होतं, जे मानेपासून तळव्यापर्यंत सगळीकडे, नखांखाली सुद्धा, लावून आठ ते चौदा तास ठेवायचं असतं, आठवड्याने परत एकदा, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसलेल्यांनी पण. पहिल्यांदाच खरूज होते तेव्हा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे 'मला काही नाहीये' म्हणणारा माणूसच परत सगळ्यांना देतो. तेव्हा निदानावर बोट ठेवायच्या आधी एकदा स्वतःला विचारा की सांगितलेलं औषध सांगितलं तसं, सांगितले तेवढे दिवस लावलं का. मी दुसऱ्या डॉक्टरांचं मलम चार दिवसांत सोडलं होतं, ते त्यांना मी कधी सांगितलंच नाही.

आता टेस्टबद्दल, इथे जरा थांबते कारण इथेच सगळ्यात जास्त वाया जातं.

साध्या टेस्ट आधी. कड खरवडून पोटॅशच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली बघणं, त्याला केओएच म्हणतात, फंगस आहे का ते तिथल्या तिथे कळतं, तेव्हा 'एकदा स्क्रेपिंग करून बघूया का' हे विचारायला काहीच हरकत नाही. खरुजेसाठी पण असंच खरवडून किंवा डर्मोस्कोपने, म्हणजे कातडीवर धरायच्या भिंगाने, बघतात, पण अंगावर किडे सरासरी दहा पंधराच असतात म्हणून सापडला नाही म्हणजे नाहीच असं होत नाही. कॉन्टॅक्ट ॲलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्ट, पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि परत एक दोन दिवसांनी बघतात. 'ॲलर्जीची ब्लड टेस्ट' म्हणून जे लांबलचक पॅनेल असतं ते ह्या प्रकारच्या पुरळाचं उत्तर देत नाही, ते वेगळ्या जातीच्या ॲलर्जीसाठी आहे, त्यामुळे कुणी ते सुचवलं तर नम्रपणे विचारा की याचा रिझल्ट काहीही आला तरी माझी ट्रीटमेंट बदलणार आहे का. हा प्रश्न कुठल्याही टेस्टला चालतो बरं का.

आणि बायोप्सी. फोड परत परत येतायत, नाव ठरत नाहीये, तर बायोप्सीचं विचारा. भूल देऊन पेन्सिलच्या टोकाएवढा, साधारण चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखाद दुसरा टाका, मला तर इंजेक्शनच जास्त दुखलं. पण फोडाच्या आजारात एका तुकड्याने काम भागत नाही. एक तुकडा ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात, जातो, नेहमीच्या तपासणीला. दुसरा फोडाच्या शेजारच्या, दिसायला चांगल्या कातडीचा, तो डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे कातडीत अडकलेल्या अँटिबॉडी चमकवून बघायच्या टेस्टसाठी, आणि तो फॉर्मलिनमध्ये घालायचा नाही, घातला की त्या टेस्टसाठी वाया गेला, त्याचं वेगळं द्रावण असतं. माझी पहिली बायोप्सी जुन्या खाजवलेल्या खपलीची झाली होती आणि एकच तुकडा, रिपोर्ट आला 'क्रॉनिक डर्मटायटिस', म्हणजे मराठीत सांगायचं तर कातडीला बरेच दिवस सूज आहे, धन्यवाद, ते मला माहीत होतं. दुसऱ्यांदा मी आधी विचारलं की इम्युनोफ्लुरोसन्सला वेगळा तुकडा पाठवताय ना, आणि शेजारच्या चांगल्या कातडीतून ना, आणि त्यात आयजीए नावाच्या अँटिबॉडीचे ठिपके मिळाले, जे ह्या आजाराची खूण. पेम्फिगॉइडमध्ये आयजीजी ही दुसरी अँटिबॉडी आणि सी३ हे रक्तातलं प्रथिन यांची सरळ रेघ दिसते. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात असेल तरी तो कशाचा निगेटिव्ह, कुठून घेतलेला, आणि त्या वेळी स्टिरॉइड चालू होतं का, हे तीन प्रश्न शिल्लक राहतातच.

सिलिॲकचा संशय असेल तर टीटीजी आयजीए ही सिलिॲकच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट, सोबत एकूण आयजीए किती आहे तेही, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. आणि इथे हात जोडून विनंती, टेस्टच्या आधी स्वतःच्या मनाने गहू, बार्ली, राय बंद करू नका. वाचल्या वाचल्या लोक तेच करतात. बंद केलं की रक्तातल्या अँटिबॉडी कमी होत जातात आणि मग खरं असून रिपोर्ट नॉर्मल येतो. डॉक्टरांनी नेमकं हेच मला सांगितलं, अजून तीन आठवडे चालू ठेवा, आणि ते तीन आठवडे मी जी खाजवलेय ते मलाच माहीत.

असंच, डॅप्सोन नावाची गोळी दिली की ह्या आजाराची खाज एक ते तीन दिवसांत उतरते, इतकी झटकन की तोच एक पुरावा वाटतो. पण कुणाच्या सांगण्यावरून ती मिळवून घेऊन बघायची नाही, आधी जी६पीडी टेस्ट लागते, ते एन्झाइम कमी असेल तर लाल पेशी फुटतात, आणि नंतर पण रक्त तपासत राहावं लागतं. ग्लुटेन सोडल्यावर कातडीला फरक पडायला मात्र महिने जातात, कधी वर्ष दोन वर्षं. आणि निदान पटत नाही म्हणून पोटातून चालू असलेलं स्टिरॉइड एका दिवसात बंद करणं हा तर धोकाच आहे, तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, ते हळूहळूच उतरवायचं असतं, डॉक्टरांना विचारून.

डॉक्टर चिडले तर? चिडतात काही काही. माझे एक म्हणाले, 'मी वीस वर्षं हेच करतोय.' तेव्हा मला सुचलं नाही, आता सुचतं: 'म्हणूनच तुम्हाला विचारतेय, तुमच्या अनुभवात इसब इतके महिने असं सारख्या जागी दोन्ही बाजूंना राहिलंय का?' रागाने नाही, खरंच विचारायचं. गर्दी असेल तर म्हणायचं की आत्ता वेळ नसेल तर मी फक्त याच प्रश्नासाठी वेगळी अपॉइंटमेंट घेते. बोलताना घाबरायला होत असेल तर सोबत कुणाला तरी न्या आणि लिहायचं काम त्याच्याकडे द्या. फॅमिली डॉक्टर असतील तर सरळ म्हणा की स्किनवाल्यांकडे चिठ्ठी द्याल का, यात त्यांचा अपमान नसतो, बरेच जण तर सुटलो म्हणतात.

आणि सेकंड ओपिनियन घ्यायचंच ठरलं तर पहिल्या डॉक्टरांचं नाव खराब करून सुरुवात करू नका, आणि आधीचं निदान पहिल्या वाक्यात सांगू नका. आधी नुसती लक्षणं, फोटो, औषधांची यादी, त्यांना स्वतःचं मत बनवू द्या, मग फाईल उघडा, पण लपवू मात्र काहीच नका, नाहीतर तेच मलम तिसऱ्यांदा मिळतं. बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टच्या कागदाबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, ज्यात तुमचा तुकडा बसवलेला असतो, पण मागून घ्या. लॅब तो ठेवून देते, दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्याच तुकड्यातून नवीन काप काढून परत बघू शकतो आणि तुम्हाला नव्याने भोक पाडून घ्यावं लागत नाही. इम्युनोफ्लुरोसन्स मात्र त्या ब्लॉकवर नीट होत नाही, त्याला ताजा तुकडाच लागतो, म्हणून त्या गोल केलेल्या फोडाला सांभाळा.